अव्वांच्या मापाचा नळ

सात रस्त्याजवळच्या त्या दुकानात मी शिरले तेव्हा माझ्या एका हातात रिकामी बादली होती, दुसऱ्या हातात परात, आणि गळ्यात शिवणकामाची टेप. दुकानदार खुर्चीतून उठलाच. त्याला वाटलं असणार, ही बाई पाणी मागायला आली. आमच्या सोलापुरात नळाला पाच दिवसाआड पाणी येतं, तेव्हा बादली घेऊन कुणी कुठंही उभं राहिलं तरी फारसं नवल वाटत नाही.

"काय पाहिजे ताई?"

"नळ पाहिजे. आणि भांडी घासायचं सिंक. पण आधी बसायला एक बुटकं स्टूल द्या, आणि माझी बोटं बांधायला कुणीतरी मदत करा."

त्याच्या तोंडाचा आ झाला तो मिटेना.

मी वेडी नाही. मी ब्लाउज शिवते. तीस वर्षं शिवतेय, आणि माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. बायका म्हणतात, "अंदाजानं टाका की हो, तुम्हाला काय कळत नाही होय?" मला कळतं, म्हणूनच मी टेप काढते. अंदाजानं शिवलेला ब्लाउज कपाटात पडून राहतो. नळ काही कपाटात ठेवता येत नाही, तो भिंतीत बसतो आणि रोज सकाळी तोंड दाखवतो.

त्या दिवशी मी ज्या मापानं आले होते ते माझ्या सासूबाईंचं होतं. आमच्यात सासूला अव्वाच म्हणतात. अव्वांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळं त्या निम्म्या मराठीत भांडतात आणि राग फारच वाढला की कानडीत जातात. जन्मभर त्यांनी ज्वारीच्या कडक भाकऱ्या थापून विकल्या. त्या भाकऱ्यांवर आमचे हे शिकले आणि मार्केट यार्डात कारकून झाले. अव्वांना लिहिता वाचता येत नाही. धंद्याचं सगळं त्यांनी खुणांवर चालवलं. पिठाच्या डब्याचं झाकण उलटं ठेवलेलं असलं म्हणजे पीठ संपलं, दळायला टाकायचं. तवा भिंतीला टेकवून उभा म्हणजे आज भाकरी नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा एकदा ते झाकण सरळ करून ठेवलं, बाई गबाळी दिसतेय म्हणून. दुसऱ्या दिवशी पीठच नाही! काय ऐकून घेतलं मी त्या दिवशी, देव जाणे आणि शेजारीण जाणे.

आता त्याच हातांची बोटं आत वळली आहेत. मूठ अर्धी उघडते, अर्धी उघडत नाही. डॉक्टर म्हणाले, सांधे आखडलेत, गोळ्या घ्या, शेक द्या. त्यानं दुखणं कमी झालं, बोटं काही सरळ झाली नाहीत. आणि आमच्या न्हाणीघरात नळ होता पिळायचा, गोल मुंडीचा, क्षारानं पांढरा पडलेला. माझ्या धडधाकट हातांना तो सकाळी सकाळी घाम फोडायचा. अव्वांना तर तो हलेचना.

आठ महिने मी त्यांची बादली भरून देत होते. आंघोळ मात्र त्या एकट्याच करायच्या. एकदा आमचे हे म्हणाले, "अव्वा, हिला आत येऊ दे की. पाठ चोळून देईल, डोक्यावर पाणी घालील." अव्वांनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते पन्नाशीचे कारकून एकदम पाच वर्षांचे झाले.

"दुसऱ्यानं आंघोळ घालायची ती एकदाच," अव्वा म्हणाल्या. "आणि तवा मला कळणार न्हाई. कळतंय तोपर्यंत माझी मी करणार."

पण बादली भरणं तरी दुसऱ्याच्याच हातात होतं ना. आणि अव्वांचं असं की आंघोळीशिवाय लिंगपूजा नाही, आणि लिंगपूजेशिवाय तोंडात घास नाही, चहासुद्धा नाही.

एक दिवस सकाळी भरून ठेवलेली बादली मी धुण्याला वापरली आणि अव्वा झोपल्यात म्हणून अस्तराचं कापड आणायला गेले. म्हटलं, अर्ध्या तासात येते. तिथं दुकानात गर्दी, मग रिक्षा मिळेना, मग एक गिऱ्हाईक रस्त्यातच भेटलं आणि बाह्यांवरून भांडत बसलं. घरी आले तेव्हा दीड वाजला होता. अव्वा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसलेल्या. अंगावर कालचंच लुगडं. तोंड सुकलेलं. समोर रिकामी बादली आणि त्या मेल्या नळाच्या मुंडीला गुंडाळलेला त्यांचा पदर. पदरानं पकडून पिळायचा प्रयत्न केला होता त्यांनी. किती वेळ, कुणास ठाऊक.

"शेजारणीला हाक मारायची की हो अव्वा!"

"तिला काय सांगू? म्हातारीला नळ उघडंना म्हणून?"

मला इतका राग आला! स्वतःचा आला, नळाचा आला, अव्वांच्या त्या ताठ्याचासुद्धा आला. मी बादली भरली, त्या आत गेल्या, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. त्याच ओट्यासमोर मी ठरवलं. ह्या घरातला नळ बदलणार, आणि अव्वा आपली बादली आपण भरणार. बघतेच मी कसं होत नाही ते.

आमच्या ह्यांना बदलायचं म्हटल्यावर उत्साह आला. दुसऱ्याच दिवशी ते कुठूनसं जाडजूड रंगीत पुस्तक घेऊन आले. नळांचं पुस्तक! त्यात काळे नळ, सोनेरी नळ, आणि एक छतातून पाऊस पाडणारा शॉवर. खाली एक गोरीपान बाई डोळे मिटून उभी.

"हा बघ," हे म्हणाले. "काय भारी दिसेल!"

"पाच दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात पाऊस पाडताय होय घरात? आणि ह्या बाईला म्हणावं, भाकऱ्या थापून दाखव आधी चाळीस वर्षं. मग मिट डोळे."

पुस्तक रद्दीत गेलं. मी टेप काढली.

अव्वा न्हाणीघरात बुटक्या स्टुलावर बसून आंघोळ करतात. तिथंच त्यांना बसवलं आणि माप घेतलं. जमिनीपासून खांदा किती, हात न ताणता कोपर कुठं येतं, मनगट कुठवर पोचतं. कागदावर लिहून घेतलं, जसं गिऱ्हाइकाचं लिहिते तसंच. अव्वा म्हणाल्या, "अय्यो, नळाला ब्लाउज शिवतीस काय गं?"

"व्हय. अस्तर लावून."

त्या हसल्या. लई दिवसांनी हसल्या.

तर असं ते माप घेऊन मी दुकानात गेले होते. माझ्या पिशवीत ब्लाउजपिसाच्या कापलेल्या पट्ट्या होत्या. दुकानात काम करणाऱ्या बाईंनी त्या पट्ट्यांनी माझी बोटं आत वळवून बांधली, अव्वांची असतात तशी, अर्धी मूठ. आणि मी हातांना साबण लावायला सांगितला. ओल्या, साबणाच्या हातानंच नळ बंद करायचा असतो की नाही? दुकानात येऊन कोरड्या हातानं कुणीही शूर होतं.

स्टुलावर बसले आणि एकेक नळ घेत गेले. गोल मुंडीचा पहिल्याच फेरीत बाद, हात नुसता घसरत होता. चार काट्यांच्या मुंडीचा जरा हलला, पण काटा तळहातात घुसला. मग एक अगदी नाजूक, चमचमता, बोटभर लांबीचा दांडा असलेला. उघडला खरा, पण बंद करायला तो बोटांनी मागं ओढावा लागायचा, आणि माझी बोटं तर गाठोड्यात. तोवर दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं जमली होती आणि एक गृहस्थ तर आपलं काम विसरून माझ्या शेजारी उकिडवे बसले होते.

"ताई, हा सगळ्यात जास्त खपतो," दुकानदार त्या नाजूक नळाबद्दल म्हणाला.

"खपू दे. तुमची बोटं बांधू का?"

माणूस चांगला होता. म्हणाला, "बांधा की." मी दातानं माझी एक गाठ सोडली आणि त्याची बोटं बांधली. त्यानं आपलाच सगळ्यात जास्त खपणारा नळ उघडला आणि मग बंद करायला गेला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यानं नळाकडं नुसतं बघितलं. मग पट्ट्या सोडून घेतल्या, आत गेला आणि एक खोकं घेऊन आला.

"हा दाखवत नाही कुणाला. दिसायला साधा आहे म्हणून कुणी घेत नाही."

लांब, चपटा, सरळ दांडा. वर उचलला की पाणी, खाली दाबला की बंद. डावीकडं वळवला तर गीझरचं गरम. त्यानं तो मागच्या बेसिनवर पाण्याला जोडून दाखवला. मी मनगटाच्या पाठीनं दांडा उचलला. पाणी धो धो आलं! कोपरानं दाबला. थेंबसुद्धा नाही. पुन्हा उचलला, पुन्हा दाबला. तो उकिडवा गृहस्थ टाळ्या वाजवायला लागला आणि मला इतका आनंद झाला की मीही वाजवल्या असत्या, पण एक हात बांधलेला होता.

सिंकचं त्यापुढं काहीच नव्हतं. परात काढली आणि एकेका सिंकमध्ये ठेवून बघितली. अव्वांना आपलं ताट, आपली परात स्वतः धुवायची हौस, आणि परात उभी धरून धुणं आता त्यांच्यानं होत नाही. जिथं परात आडवी सपाट बसली आणि वर नळाखाली बादली मावली, ते घेतलं. दुकानदार म्हणाला, बाकीचे लोक फोटो दाखवून सिंक घेतात. म्हटलं, फोटोत कुणी भांडी घासत नाही.

नळ बसवायला आला तो मिस्त्री मूळचा मोडनिंबचा, पन्नाशीचा, आमच्याच गल्लीत राहणारा. मी भिंतीवर खडूनं रेघ मारून ठेवली होती. त्यानं रेघ बघितली आणि मान हलवली.

"वैनी, हितं न्हाय बसत नळ. आमी सगळीकडं वर बसवतो."

"सगळीकडं आमच्या अव्वा नाहीत."

"पण बादली..."

मी बादली आणून रेघेखाली ठेवली. चार बोटं जागा उरली. त्यानं बादलीकडं बघितलं, माझ्या टेपकडं बघितलं, आणि छिन्नी उचलली. "लई पक्क्या हायसा की तुमी," एवढंच म्हणाला. जाताना त्यानं न्हाणीघराच्या दाराची ती बारकी, रुतणारी कडी काढून मोठ्या मुठीची सरकती कडीही बसवून दिली. ती मी न सांगता.

दुसऱ्या दिवशी अव्वांनी नळ उघडला. मी आतच उभी होते. त्यांनी मनगट दांड्याखाली घातलं, जरा घाबरत, आणि उचललं. पाणी बादलीत पडलं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. दांडा खाली दाबला, वर केला, खाली दाबला. लहान पोरीसारखं चार-पाचदा केलं. मग मला म्हणाल्या, "जा आता भाईर. काय बघतीस?"

तीन दिवस मी गल्लीभर नळाचं गाणं गायले. ज्या बाईच्या ब्लाउजचं माप घ्यायचं, तिला आधी न्हाणीघरात नेऊन दांडा उचलून दाखवायचा. आमचे हे म्हणाले, "तिकीट लाव आता."

चौथ्या दिवशी घात झाला.

सकाळी वरची टाकी रिकामी होती. वीज गेल्यामुळं खालच्या हौदातलं पाणी वर चढवता आलं नव्हतं. अव्वांनी दांडा उचलला, पाणी आलं नाही, तर त्या तशाच येऊन आडव्या झाल्या. दांडा वरच. आता ह्यात चूक तरी कुणाची म्हणायची? आमच्या गावात नळ उघडाच ठेवायचा असतो. पाणी कधी येईल ते पाणीच वाजून सांगतं, तेव्हा आपण धावायचं. जन्मभराची सवय ती. आणि जुन्या नळाची मुंडी उघडी की बंद हे अव्वांच्या हाताला कळायचं. नव्या दांड्याचं कळायला अजून चार दिवससुद्धा झाले नव्हते. वीज आली, ह्यांनी पंप लावला आणि कामावर गेले. मी मशीनवर होते, मशीनच्या खडखडाटात मला काही ऐकू आलं नाही. वरची टाकी भरत होती आणि न्हाणीघराच्या मोरीतून गटारात जात होती. मी धागा बदलायला थांबले तेव्हा आवाज आला. धावत गेले, दांडा दाबला, हौदात वाकून बघितलं. तळ दिसत होता. आणि नळाला पाणी यायला अजून तीन दिवस होते.

संध्याकाळी हे खूप बोलले. नळालाच बोलले, पण ऐकत अव्वा होत्या. "तो जुना आण आणि बसव परत! पिळायचा नळ निदान असा दगा देत नाही!"

अव्वा कोपऱ्यात बसल्या होत्या, हात मांडीवर. "काढ गं तो," त्या म्हणाल्या. "ब्याड." ब्याड म्हणजे नको. त्यांनी हे कानडीत, पण रागानं नाही, अगदी हळू म्हटलं, आणि तेच मला सहन झालं नाही. रागावल्या असत्या तर मी भांडले असते.

"नाही काढणार," मी म्हटलं. "पाणी मी शेजारून आणते. तीन दिवस आणते. नळ राहील."

आणलं मी. शेजारणीकडून, समोरच्या चाळीतून, डोक्यावर कळशी ठेवून. कुणी विचारलं तर सांगत होते, आमच्या नळानं पाणी प्यायलं. अव्वांची आंघोळ मी भरलेल्या बादलीतच होत होती, जशी आठ महिने होत होती. त्या तीन दिवसांत त्यांनी दांड्याला हातही लावला नाही. मला वाटलं, संपलं. हरलो आपण.

तिसऱ्या दिवशी दुपारी नळाला पाणी आलं. हौद भरला, टाकी भरली. मी हात पुसत न्हाणीघरात गेले तर अव्वा स्टुलावर बसलेल्या. आंघोळीच्या मगाच्या कानात त्यांनी माझ्या ब्लाउजच्या चिंधीचा फास ओवला होता. दातानं गाठ मारली असणार, लाळेनं भिजली होती. तो मग त्यांनी नळाच्या दांड्याला अडकवला. मगाच्या वजनानं दांडा खाली बसला.

"मग लटकतोय म्हणजे नळ बंद," अव्वा म्हणाल्या. "मग काढल्याबिगर मला पाणी घेता येत न्हाई. आन् मग अडकवल्याबिगर मी उठणार न्हाई. तू दारातनं बघितलं तरी तुला कळंल. मशीनवरनं उठायला नको."

मी दारातच बसले खाली. पिठाच्या डब्याचं उलटं झाकण! माझ्या टेपनं खांदा मोजला, कोपर मोजलं, बादली मोजली, पण विसरणं मोजायला ती टेप पुरली नाही. ते अव्वांनी मोजलं. मी टाळ्या वाजवल्या, आता दोन्ही हात मोकळे होते. अव्वा म्हणाल्या, "वाजवतीस काय? हितं काय तमाशा हाय?" पण मान ताठ होती त्यांची.

मिस्त्रीला मी बोलावून दाखवलं. त्यानं मग काढला, अडकवला, पुन्हा काढला. "हे आमच्या डोक्यात न्हाय आलं," म्हणाला. परवा सांगत होता, आता तो म्हातारी माणसं असलेल्या घरी नळ बसवला की मगाला दोरी बांधूनच देतो. आमचे हे मात्र आठवडाभर जाता येता न्हाणीघरात डोकावून मग बघत होते. रोज लटकलेला. शेवटी एक दिवस अव्वांना म्हणाले, "चुकलं माझं." अव्वा म्हणाल्या, "साकु." म्हणजे पुरे.

आणि आता त्या सकाळचं सांगते. लग्नसराई होती, माझ्याकडं ब्लाउजांचा ढीग पडला होता. मी पहाटेपासून मशीनवर. न्हाणीघराची नवी कडी आतून सरकल्याचा आवाज आला, मग पाणी पडल्याचा, मग अव्वांचं नेहमीचं पुटपुटणं. मी शिवतच होते. किती वेळानं कुणास ठाऊक, कडी पुन्हा सरकली आणि अव्वा बाहेर आल्या. ओले पांढरे केस, स्वच्छ लुगडं, कपाळावर भस्माची बोटं उठलेली, वाकडी का होईना. पूजेला बसायच्या आधी त्या माझ्यापाशी थांबल्या.

"उठ," म्हणाल्या. "तुझी आंघोळ राहिलीया. जा. बादली भरून ठेवलीया."

मी न्हाणीघरात गेले. दांड्यावर मग लटकत होता, नळ घट्ट बंद. खाली माझी बादली काठोकाठ भरलेली, कोमट, हात घालून बघितलं. सत्तावीस वर्षं मी ह्या घरात सगळ्यांच्या बादल्या भरल्या, माझी कुणी भरली नव्हती. मी आतून कडी लावली आणि मग काढून पहिलं पाणी डोक्यावर ओतलं. रडले का? रडले की. आंघोळीत कोण बघतंय. बाहेरून अव्वांचा आवाज आला, "मग अडकवायला इसरू नको गं!" आणि मी ओरडले, "नाही विसरत अव्वा!"